विदर्भाच्या उन्हात जुन्या स्पोर्ट्स कारचा रेडिएटर बदलताना

रेडिएटर घ्यायला दुकानात जाण्याआधी एक साधं गणित करून बघा. इंजिनातून आलेलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाण्याचं मिश्रण) साधारण ९५ अंशांवर असतं. बाहेरची हवा २५ अंशांची असेल तर दोघांमध्ये ७० अंशांचा फरक मिळतो. आपल्याकडे नवतपात पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणजे फरक उरतो ५० अंशांचा. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे जवळपास या फरकाच्या प्रमाणात ठरतं. म्हणजे रेडिएटरची नळ्या-पात्यांची जाळी तीच, पंखा तोच, पण वर्धा-चंद्रपूरच्या मे महिन्यात त्याची ताकद २८ ते ३० टक्क्यांनी घटलेली असते. त्यात एसी चालू असेल तर रेडिएटरच्या पुढे असलेल्या एसीच्या जाळीने, म्हणजे कंडेन्सरने, हवा आधीच गरम करून ठेवलेली असते. रेडिएटरपाशी पोहोचणारी हवा ५५ अंशांची झाली तर फरक राहतो ४०. शिवाय स्पोर्ट्स कार जमिनीलगत असते. तिचं तोंड सावलीतली हवा ओढत नाही, तापलेल्या डांबरालगतची हवा ओढतं.

गाडी नवी असताना कंपनीने अशा उन्हासाठी थोडी क्षमता राखून ठेवलेली असते. वीस-पंचवीस वर्षांत नेमकी तीच संपते: नळ्यांत क्षार साचतात, नळ्यांना जोडलेल्या धातूच्या पातळ पात्या सुटतात, पंख्याची मोटर मंदावते. युरोपात किंवा जपानात तशीच गाडी त्याच रेडिएटरवर अजून पाच वर्षं चालेल. इथे ती पहिल्याच उन्हाळ्यात तापमानाचा काटा लालात नेते. म्हणून परदेशातल्या मालकांनी ज्याची तारीफ केली तोच रेडिएटर डोळे मिटून मागवू नका. इथली हवा, इथली धूळ, इथलं पाणी आणि इथला कारागीर हे चारही विचारात घेऊन निवड करावी लागते.

आधी दोष कुठे आहे ते पक्कं करा

गाडी तापते म्हणजे रेडिएटर गेला, असं समजून पैसे घालवू नका. गाडी कधी तापते हे बघितलं की अर्धं निदान होतं.

कापसाच्या हंगामात हिंगणघाटला जिनिंगच्या गेटसमोर गाड्यांची रांग लागते. तिथे अडकल्यावर काटा चढतो आणि रस्ता मोकळा झाला की खाली येतो, असं असेल तर हवा कमी पडते आहे. पंखा, त्याचा रिले, त्याचा स्विच, पंख्याभोवतीचा श्राउड (हवा पूर्ण जाळीतून ओढायला लावणारं आवरण) आणि जाळीतली घाण तपासा. याउलट गावात गाडी ठीक चालते, पण समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं धरली की काटा हळूहळू वर सरकतो, असं असेल तर हवा भरपूर आहे आणि कूलंटच पुरेसं फिरत नाही किंवा थंड होत नाही. तेव्हा संशय नळ्यांवर, वॉटर पंपावर आणि खालच्या होस पाइपवर घ्यायचा. हा खालचा पाइप पंपाच्या ओढीने आत चेपतो. काही गाड्यांत तो चेपू नये म्हणून आत स्प्रिंग असते आणि जुन्या गाडीत ती गंजून गेलेली असते. इंजिन रेस करून त्या पाइपकडे नुसतं पाहिलं तरी कळतं.

तिसरी कसोटी परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट. वेग कमी, इंजिनावर भार जास्त, आणि मागून वारा असेल तर पुढून हवा जवळजवळ नाहीच. फक्त इथेच गाडी तापत असेल तर रेडिएटर खराब नसून गाडीच्या मानाने लहान पडतो आहे, असं बहुधा निघतं.

इन्फ्रारेड थर्मामीटर आता सहज मिळतो. गाडी गरम असताना जाळीवरून तो सावकाश फिरवा. तापमान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू उतरलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा अचानक थंड लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. चकचकीत ॲल्युमिनियमवर हा थर्मामीटर चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून आकड्यापेक्षा दोन जागांमधल्या फरकाकडे लक्ष द्या.

हेड गॅसकेटची, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पातळ सीलची, तपासणी टाळू नका. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर रेडिएटरच्या तोंडातून सतत बुडबुडे येत असतील, कूलंट कुठेही न गळता कमी होत असेल, तर निळ्या रसायनाची चाचणी करून घ्या. कूलंटवरची हवा त्या रसायनातून ओढतात. त्यात जळालेला वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो. गॅसकेट गेलेल्या गाडीला कितीही महाग रेडिएटर लावा, ती तापणारच. आणि हे सगळं करताना गरम गाडीचं झाकण उघडू नका. ०.९ बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकण उघडताच दाब सुटतो आणि सगळं एकदम उसळून तोंडावर येतं.

कुणी थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट गरम झाल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून टाकायला सांगेल. ऐकू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की थोडं कूलंट रेडिएटरकडे न जाता तसंच इंजिनात परत फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

जुनी जाळी काय सांगते

रेडिएटर उतरवला की आधी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट बघा. आपल्याकडे तिथे कापसाचे तंतू, सोयाबीनच्या मळणीचा भुसा आणि काळ्या मातीची धूळ यांचा नमद्यासारखा थर बसतो. समोरून पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, म्हणून हा थर वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. तो काढल्यावरच दोष गेला असेल तर जुना रेडिएटर धुऊन परत लावा आणि पैसे वाचवा.

प्लास्टिकच्या टाकीचा रंग बघा. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये, म्हणजे १९८९ ते १९९७ च्या गाड्यांत, वरची टाकी मुळात काळी असते. ती तपकिरी किंवा हिरवट झाली की प्लास्टिक ठिसूळ झालं असं समजायचं, मग ती गळत नसली तरी. अशी टाकी बहुधा भर रस्त्यात, एकदम लांबट चीर देऊन फुटते. एम-सील लावून घरापर्यंत येता येतं, त्यापलीकडे त्यावर भरवसा ठेवू नका. रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती थांबवणारे ट्रकवाले अजून भेटतात. ती हळद आणि बाटलीतली गळतीरोधक औषधं हीटरच्या बारीक नळ्यांतही तशीच बसतात. आधीच्या मालकाने असं काही टाकलं असेल तर नवा रेडिएटर लावण्याआधी इंजिन आणि हीटर दोन्ही नीट धुऊन घ्यावे लागतील.

बोटाने पात्या हलक्या दाबून बघा. भुकटी होऊन पडत असतील तर जाळी गेली. नळ्या अखंड असल्याने ती गळणार नाही, पण पात्यांशिवाय नळीची उष्णता हवेत जातच नाही.

तीन प्रकार

जुन्या गाड्यांत तांब्या-पितळेचा रेडिएटर असतो: पितळी नळ्या, तांब्याच्या पात्या, पितळी टाक्या, सगळं झाळलेलं. त्यानंतर आला ॲल्युमिनियमची जाळी आणि तिच्यावर दाबून बसवलेल्या प्लास्टिकच्या टाक्यांचा प्रकार. आज रस्त्यावरच्या बहुतेक कार याच प्रकारच्या. तिसरा पूर्ण ॲल्युमिनियमचा, टाक्या वेल्ड केलेल्या, जो स्पोर्ट्स कारवाल्यांना सगळ्यात जास्त खुणावतो.

तांबं ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता चांगली वाहून नेतं, म्हणून तांब्याचा रेडिएटर नेहमीच सरस, असं अजूनही सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. पितळी नळ्या अरुंद ठेवाव्या लागतात, नाहीतर दाबाने फुगतात. शिवाय नळी आणि पाती यांच्यामध्ये झाळ असते आणि तिच्यातून उष्णता तांब्याइतकी सहज जात नाही. ॲल्युमिनियमची नळी २५ किंवा ३२ मिलीमीटर रुंद करता येते आणि पाती तिला थेट जोडलेली असते. त्यामुळे दोन रांगांचा चांगला ॲल्युमिनियम रेडिएटर चार रांगांच्या पितळी रेडिएटरच्या तोडीचा निघतो, आणि वजन बरंच कमी.

तरीही तुमच्या गाडीला मुळात पितळी टाक्या असतील आणि त्या धड असतील, तर माझं मत नवी जाळी घालून घेण्याचं आहे. तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त करणारा एखादा तरी कारागीर असतोच. तो टाकी उलटीसुलटी करून, नळ्यांत सळई घालून पाहील आणि सांगेल, "भाऊ, टाकी धड हाय, जायी सडली." त्याच्या या निदानावर विश्वास ठेवा. टाक्या मूळच्याच राहिल्या की पाइपांची तोंडं, पंख्याच्या स्विचची जागा, बसवायचे कान, सगळं जिथल्या तिथे राहतं. उद्या गळलं तर तोच कारागीर तासाभरात झाळून देतो. वेल्ड केलेल्या ॲल्युमिनियमला टिग वेल्डिंग लागतं. ते नागपूर-अमरावती-अकोल्यात होईल, पण पातळ नळीवर टिग चालवणारा हात प्रत्येकाकडे नसतो.

प्लास्टिक टाकीच्या गाडीला मूळ मापाचा, नावाजलेल्या कंपनीचा नवा रेडिएटर मिळत असेल तर तोच पहिला पर्याय. आपल्याकडे बडोद्याजवळची बँको, परदेशी गाड्यांसाठी डेन्मार्कची निसेन्स किंवा जपानची कोयो ही नावं जुनी आहेत. मूळ मापाचा रेडिएटर कमकुवत असतो हा समज काढून टाका. नवा, स्वच्छ, सगळ्या नळ्या उघड्या असलेला मूळ मापाचा रेडिएटर तुमच्या जुन्या रेडिएटरपेक्षा कितीतरी जास्त उष्णता काढतो. पूर्ण ॲल्युमिनियमकडे वळायचं ते इंजिनची ताकद वाढवली असेल, घाटातच तापत असेल, किंवा मूळ माल मिळतच नसेल तेव्हा.

भंगारातला वापरलेला रेडिएटर फक्त टाक्या आणि ब्रॅकेट काढून घेण्यासाठी घ्या.

जाडी आणि पात्यांची दाटी

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून थोडं थांबून सांगतो.

५०-५५ मिलीमीटर जाडीचा "रेसिंग" रेडिएटर हातात घेतला की मन भरून येतं. पण हवा पुढच्या रांगेतून जाताना तापते. मागच्या रांगेला आधीच गरम झालेली हवा मिळते, त्यामुळे तिचा उपयोग कमी कमी होत जातो. शिवाय जाड जाळीतून हवा ढकलणं पंख्याला जड जातं. हायवेवर वेगाचा रेटा असतो तोवर चालतं. बाजारात थांबलात की तोच रेडिएटर जुन्यापेक्षा वाईट वागू शकतो. क्षमता वाढवायची असेल तर आधी लांबी-रुंदी वाढवता येते का बघा, कारण जास्त क्षेत्रफळ म्हणजे प्रत्येक चौरस इंचाला ताजी हवा. जागाच नसेल तरच जाडीकडे जा. ज्या गाडीत मूळ जाळी १६ ते २६ मिलीमीटरची आहे तिथे ३६-४० च्या पुढे जाण्याची गरज मला वाटत नाही.

पात्यांची दाटी इंचाला किती पात्या यावर मोजतात. दाटी जास्त, तर कागदावर क्षमता जास्त. पण इंचाला १८-२० पात्या असलेली जाळी कापूसपट्ट्यात एका हंगामात बुजते आणि धुऊनही पूर्ण मोकळी होत नाही. इंचाला १२ ते १४ पात्या असलेली घ्या. विक्रेत्याला आकडा माहीत नसेल तर पट्टी लावून स्वतः मोजा. माझ्या मते आपल्या भागासाठी ही एकच गोष्ट बाकी सगळ्या जाहिरातीपेक्षा महत्त्वाची आहे.

घाणीपासून वाचवायला काही जण पुढे डासांची जाळी ठोकतात. ती हवाही अडवते आणि तंतू बसले की पूर्ण बंद होते. दगडांपासून संरक्षण हवंच असेल तर बोट जाईल एवढ्या भोकांची जाळी, रेडिएटरपासून थोडी पुढे लावा.

मापं

जुना रेडिएटर सपाट जमिनीवर ठेवून कागदावर चित्र काढा आणि मापं मिलीमीटरमध्ये लिहा. नुसती बाहेरची लांबी-रुंदी पुरत नाही. जाळीची उंची, रुंदी आणि जाडी वेगळी लिहा. वरच्या आणि खालच्या तोंडाचा बाहेरचा व्यास, ते कोणत्या बाजूला आहे आणि कोणत्या कोनात वळलेलं आहे हे लिहा. खालच्या रबरात बसणाऱ्या खुंट्यांमधलं अंतर, वरचे ब्रॅकेट, झाकणाच्या तोंडाचं माप, ओव्हरफ्लोची नळी, ड्रेनचा नळ आणि पंख्याच्या थर्मोस्विचचे आटे नोंदवा. युरोपीय गाड्यांत हा स्विच बऱ्याचदा रेडिएटरच्या टाकीतच बसतो आणि त्याचे आटे बहुधा एम२२ गुणिले १.५ असतात. नव्या रेडिएटरला ती जागाच नसेल तर पंखा चालणार कसा, हे पैसे देण्याआधी ठरवा.

ऑटोमॅटिक गियरच्या गाडीत रेडिएटरच्या टाकीतच गियर ऑइलचा कूलर असतो. मॅन्युअल गाडीचा रेडिएटर तिला चालत नाही. उलटं मात्र चालतं, ऑइलची तोंडं बुच लावून बंद करायची.

मग गाडीतली रिकामी जागा मोजा. इंजिन आपल्या रबरांवर हलतं, म्हणून पंखा आणि पुली यांच्यात निदान दोन सेंटिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. बॉनेट बंद करून वरची जागा तपासायला टाकीवर मातीचा गोळा ठेवा, बॉनेट हळूच लावा आणि गोळा किती चेपला ते बघा.

गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मसारख्या गाड्यांना मूळ रेडिएटर शोधणं म्हणजे महिनोन् महिने वाट बघणं. अशा वेळी सर्रास मिळणाऱ्या हॅचबॅकचा रेडिएटर बसवणं हा कमीपणा नाही. फक्त ज्या गाडीचा घ्याल तिचं इंजिन तुमच्या इंजिनाइतकं किंवा जास्त ताकदीचं असावं, तो एसी असलेल्या मॉडेलचा असावा आणि पाइपांची तोंडं शक्यतो त्याच बाजूला यावीत. ब्रॅकेट गावातला वेल्डरही करून देतो. पांढरकवड्यात संध्याकाळी फुटला तर दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच दुसरा मिळेल, ही सोय छोटी नाही.

परदेशातून मागवत असाल तर पार्सल उघडतानाचं चित्रण करा. वाकलेला कान किंवा चेपलेला कोपरा तिथेच दिसला पाहिजे. कुठूनही घ्या, लावण्याआधी तोंडं बंद करून, पाण्याच्या टाक्यात बुडवून, झाकणाच्या दाबापेक्षा थोड्या जास्त हवेवर तपासून घ्या. झाकण ०.९ चं असेल तर १.२ बार पुरे.

बसवताना

जाळीच्या कडेने आणि बॉडीच्या मध्ये फटी राहिल्या तर हवा त्या फटींतून निघून जाते, जाळीतून जात नाही. चारही बाजूंना जाड फोमच्या पट्ट्या लावा. बंपरखालचं प्लास्टिकचं पॅनेल तुटून गेलं असेल तर ते परत बसवा. या दोन कामांना खर्च नगण्य आहे आणि फरक मोठा पडतो. पंख्याला श्राउड हवाच. श्राउड नसलेला पंखा फक्त आपल्या गोलापुरती जाळी थंड करतो, चारही कोपरे फुकट जातात. पंखा जाळीतून प्लास्टिकचे पट्टे ओवून बांधू नका. ते घासून नळीला भोक पाडतात.

ॲल्युमिनियमचा रेडिएटर रबरावरच बसवा आणि पंख्याची अर्थिंग त्याच्या अंगावर देऊ नका. फायबर बॉडीच्या गाड्यांत हा त्रास जास्त, कारण बॉडीतून अर्थ मिळतच नाही. वायर सैल असेल तर वीज कूलंटमधून वाट काढते आणि नळ्यांना आतून भोकं पडतात. मल्टिमीटरची काळी टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल टोचणी नुसती कूलंटमध्ये बुडवून, पंखा आणि दिवे चालू करून बघा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर आधी अर्थिंग दुरुस्त करा.

रेडिएटरबरोबर दोन्ही होस पाइप, क्लिपा, थर्मोस्टॅट आणि झाकण नवीन घाला. झाकणाचा दाब मूळचाच ठेवा. जास्त दाबाचं झाकण लावलं तर नवा रेडिएटर टिकेल, पण डॅशबोर्डखालचा जुना हीटर फुटेल.

आता पाणी. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारट आहे. इतर ठिकाणीही बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यातला क्लोराइड ॲल्युमिनियम खातो आणि क्षार नळ्यांत साचतात. आरओचं पाणीही नको, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, त्यामुळे पाणी आणि डब्यातलं कूलंट निम्मंनिम्म असलंच पाहिजे असं नाही. शुद्ध पाणी उष्णता जास्त वाहून नेतं. पण गंजरोधक घटक पुरेसे राहायला कूलंटचा वाटा एक तृतीयांशाखाली जाऊ देऊ नका. रंगावरून कूलंट निवडू नका, गाडीच्या पुस्तकातलं मानक बघा. दोन प्रकार एकत्र मिसळू नका.

काढलेलं जुनं कूलंट अंगणात किंवा गोठ्याजवळ ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, आणि कुत्रं, शेळी, गाय-बैल ते चाटतात. थोडंसुद्धा त्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरतं. बंद डब्यात भरून गॅरेजला द्या.

भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, गाडीचं तोंड उताराच्या वरच्या बाजूला करा आणि हवा काढायचे स्क्रू उघडे ठेवून सावकाश ओता. टोयोटा एमआर२ सारख्या मध्ये इंजिन असलेल्या गाड्यांत पाइप पुढून मागपर्यंत जातात आणि हवा अडकण्याच्या जागा एकापेक्षा जास्त असतात. तिथे घाई केली की नवा रेडिएटरही खोटा ठरतो.

पहिली चाचणी संध्याकाळी, जागेवर उभ्या गाडीत घ्या: पंखा स्वतःहून चालू आणि बंद व्हायला हवा, तोही दोनदा. गाडी पूर्ण थंड झाल्यावर पातळी बघून भर घाला आणि क्लिपा पुन्हा आवळा. मग दुपारी एसी लावून गावातून फिरवा, त्यानंतर हायवेवर न्या आणि घाट शेवटी ठेवा. कापसाचा हंगाम संपला की फेब्रुवारीत रेडिएटर आणि कंडेन्सरची फट मोकळी करा. साध्या नळाच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने धुवा. सर्व्हिस सेंटरचा जोराचा फवारा पात्या लोळवतो, तो जाळीवर मारू देऊ नका.